येताना चढ लागतो

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. म्हणून आधी तो चहा संपवून घ्या. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा गायकवाडकाकांना मधेच ठसका लागला आणि माझा शर्ट गेला.

मी तसा फार बोलत नाही. चार माणसांत उभं राहिलो की हातांचं काय करायचं तेच मला कळत नाही. पण जे काही थोडं बोलतो ते मोजून मापून बोलतो, असा माझा समज होता. त्याच समजापायी एका भल्या माणसाला मी विमानात दोनदा तोंडघशी पाडलं. एकदा जाताना आणि एकदा येताना.

मी चाकणजवळ महाळुंग्यात एका छोट्या प्रेस शॉपमध्ये इन्स्पेक्टर आहे. इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांना पोलीस वाटतो. तसलं काही नाही. गाड्यांना लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या बनतात, त्या मी तपासतो आणि बॉक्सवर ‘ओके’चा गोल शिक्का मारतो. शाळा नववीत सुटली. त्यामुळे हा शिक्का मिळाला त्या दिवशी मी गावाकडे आईला फोन करून सांगितलं होतं. आईने विचारलं, "म्हणजे आता तू पास का?" मी म्हटलं, "नाही आई, आता मी दुसऱ्यांना पास करतो."

दुसरं काम म्हणजे वेळ मोजणं. एक पट्टी मशिनवर किती वाजता चढली, किती वाजता उतरली, ते लिहायचं. उतरलेल्या वेळेतून चढलेली वेळ वजा करायची. झालं. एवढ्या वजाबाकीवर माझी नोकरी चालते, आणि सहा वर्षांत माझी वजाबाकी कधी चुकलेली नाही. हे लक्षात ठेवा. वजाबाकी यातही चुकलेली नाही.

मी राहतो सलीमचाचांच्या गॅरेजवरच्या खोलीत. चाचा इथलेच, चार पिढ्यांचे. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, काहीही आणा, आवाज ऐकून रोग सांगतात. त्यांची मुलगी शबाना लग्न होऊन दुबईला गेली. बाळंतपणाला इथे आली होती. तेव्हा ते बाळ दिवसभर गॅरेजमध्ये चाचांच्या मांडीवर असायचं. चाचांचे हात ऑइलने काळे, म्हणून ते बाळाला कोपरांनी धरायचे. मग शबाना बाळाला घेऊन परत गेली आणि चाचा जरा गप्प झाले.

बाळाचा पहिला वाढदिवस आला. जावयाने चाचांचं जाण्यायेण्याचं तिकीट पाठवलं. चाचींना जाता येत नव्हतं, कारण चाचांची अम्मी अंथरुणाला खिळलेली. दोघांपैकी एकाने घरी राहायलाच हवं.

आणि चाचा म्हणाले, "मी जानार न्हाई."

"का?" चाचींनी विचारलं.

"जी गाडी कडंला घेऊन बॉनेट उघडता येत न्हाई, तिच्यात सलीम बसत न्हाई."

चाचींनी समजावलं, रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. शबाना फोनवर रडली. चाचा जीपखाली जाऊन झोपले. काम नसताना जीपखाली. शेवटी चाची जिना चढून माझ्या खोलीत आल्या. त्या कधी वर येत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात.

"दत्ता, तूच सांग त्यांना. तुझं ऐकतात ते. तू शिक्केवाला आहेस."

आता मी काय सांगणार? मी स्वतः विमान फक्त खालून बघितलेलं. पण चाची जिना चढून आल्या होत्या.

मी खाली गेलो. जीपखालून चाचांचे पाय दिसत होते. मी पायांशी बोललो.

"चाचा, नेमकी भीती कशाची वाटते?"

एका पायाने दुसरा पाय खाजवला. मग आतून आवाज आला, "किती येळ लागतो रं?"

"बघतो."

"दोन तासाच्या आत आसंल तर डोळे मिटून बसंन. दोनच्या वर आपल्याच्यानं न्हाई व्हायचं."

म्हणजे सगळं वेळेवर अडलं होतं. आणि वेळ काढणं हे तर माझं कामच. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

जावयाने तिकिटाचा फोटो पाठवला होता. अर्धवटच आला होता, पण पाहिजे ते त्यात होतं. पुण्याहून निघणार सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी. दुबईला पोचणार अकरा पंचावन्नला. उतरलेल्या वेळेतून चढलेली वेळ वजा. एक तास पंचेचाळीस मिनिटं.

"चाचा, पावणेदोन तास."

चाचा जीपखालून बाहेर आले. बसल्या बसल्याच म्हणाले, "पावनेदोन? आरं चाकण चौकातनं सुटायलाच तेवढा येळ जातो."

"मी मोजलंय."

"बघ हां."

मी इथेच थांबलो असतो तर निम्मी इज्जत वाचली असती. पण आमच्या कामात जाणं मोजलं की येणंही मोजायचं असतं. मी परतीच्या तिकिटाचा फोटो उघडला. दुबईहून साडेअकराला निघणार, पुण्याला सव्वाचारला पोचणार. वजा केलं. पावणेपाच तास.

तीच दोन शहरं, तेवढंच अंतर. मी नेटवर अंतर बघितलं, साधारण दोन हजार किलोमीटर निघालं. भाग देऊन वेग काढला. जाताना ताशी अकराशेच्या वर, येताना जेमतेम चारशे वीस.

असा फरक कंपनीत निघाला की आम्हाला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एकाखाली एक पाच वेळा ‘का’ लिहिलेलं असतं. पाचव्या ‘का’ला खरं कारण सापडतं असं म्हणतात. मी वहीत पाच ‘का’ लिहिले आणि चाचांच्या शेजारी स्टूल ओढून बसलो.

येताना उशीर का? विमान हळू येतं म्हणून. हळू का येतं? जोर जास्त लागत असणार. जोर का लागतो? इथे मी अडलो. पेन चावत बसलो.

चाचा हात पुसत म्हणाले, "दुबई कुठं हाय?"

"समुद्राच्या काठाला."

"आन पुनं?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पुणं घाटावर. दुबई खाली. जाताना उतार, येताना चढ. खंडाळ्याच्या घाटात ट्रक उतरताना कसा येतो आणि चढताना कसा रडतो, ते चाचांना मी सांगायची गरज नव्हती.

"चढाला सेकंडच टाकावा लागतो," चाचा म्हणाले. "विमान झालं म्हनून काय झालं?"

चौथा आणि पाचवा ‘का’ भरायची गरजच पडली नाही. तिसऱ्यातच कारण सापडलं. मला वाटलं, हे कंपनीत सांगितलं तर बक्षीस मिळेल.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यात कुणी सांगितलं कसं नाही? सांगितलं ना. त्याच संध्याकाळी शबानाचा व्हॉइस मेसेज आला, "अब्बू, घाबरू नका, सव्वातीन तासांत येतं विमान." नेटवर शोधलं तर तिथेही सव्वातीनच. चाचांचा चेहरा पडला. चाची माझ्याकडे बघायला लागल्या.

मी शांतपणे वही उघडली. पावणेदोन आणि पावणेपाच, बेरीज साडेसहा. भागिले दोन. सव्वातीन. एक मिनिटसुद्धा इकडेतिकडे नाही.

"चाची, ती सरासरी सांगतेय," मी म्हटलं.

चाचींना सरासरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण आकडा तंतोतंत जुळलेला बघून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी आयुष्यात इतका बरोबर कधीच नव्हतो, असं मला वाटलं.

चाचा तयार झाले. मी एका जाड कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘पुणे ते दुबई, उतार, १ तास ४५ मिनिटे. दुबई ते पुणे, चढ, ४ तास ४५ मिनिटे.’ खाली माझा गोल शिक्का मारला. ओके. चिंचवडला स्टेशनसमोरच्या दुकानात जाऊन त्याला लॅमिनेशन करून आणलं. चाचांनी तो कागद शर्टच्या खिशात, पासपोर्टच्याही पुढे ठेवला.

निघायचा दिवस गुरुवार, म्हणजे आमच्याकडची कंपन्यांची सुट्टी. मी चाचांना लोहगावच्या विमानतळावर सोडून आलो. दरवाज्याशी त्यांनी घड्याळ बघितलं, खिसा चाचपला आणि कुणाकडे न बघता आत गेले. लढाईवर गेल्यासारखे.

मी साडेअकराला महाळुंग्यात परत. चाचींनी चहा ठेवला होता. किराणावाले गायकवाडकाका दुकान पोरावर सोडून येऊन बसले होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून आम्ही तिघं. अकरा पंचावन्न झाले.

"उतरले," मी म्हटलं.

चाचींनी मोबाइल लावला. बंद. बारा वाजले, बंद. सव्वाबारा, बंद.

"सामान घेत असतील," गायकवाडकाका म्हणाले.

"एक बॅग आहे आणि एक खोबऱ्याच्या वड्यांचा डबा," चाची म्हणाल्या. "त्याला किती वेळ लागतो?"

शबानाला मेसेज टाकला, पोचले का? तिचा आवाज आला, "अम्मी, अजून वेळ आहे. आम्ही आत्ताच विमानतळावर आलोय."

अजून वेळ आहे. चाचींनी तो मेसेज चार वेळा ऐकला. प्रत्येक वेळी त्यांना शबानाचा आवाज जास्त कापरा वाटला.

"ती काहीतरी लपवतेय," चाची म्हणाल्या.

गायकवाडकाकांनी टीव्ही लावला. बातम्यांमध्ये एका नेत्याची सभा चालली होती. "यांनाही अजून कळू दिलेलं नाही," काका म्हणाले. या माणसाला धीर द्यायला बोलावू नये.

पलंगावरून चाचांच्या अम्मीचा बारीक आवाज आला, "सलीम कुठंय?" चाचींनी त्यांना पाणी पाजलं. चाचांच्या खिशातल्या त्या कागदावर शिक्का माझा होता.

बारा पस्तीसला शबानाने फोटो पाठवला. जावई बाळाला कडेवर घेऊन उभा. बाळाच्या हातात ‘नाना’ लिहिलेला फुगा. मागे विमानांच्या वेळांचा मोठा बोर्ड आणि त्यावर घड्याळ. चाची बाळाला बघून रडायला लागल्या. मी फोटो मोठा केला. सवयच आहे ती, पट्टीतला बारीक तडा आम्ही असाच शोधतो. आणि मला तो सापडला.

"चाची," मी म्हटलं, "त्या घड्याळात अकरा पाच वाजलेत."

आम्ही तिघांनी भिंतीकडे बघितलं. बारा पस्तीस.

"दीड तास मागं आहे त्यांचं घड्याळ."

आमच्याकडे मोजायचं प्रत्येक हत्यार वर्षातून एकदा तपासायला बाहेर पाठवतात. तपासलं नसेल तर त्याने मोजलेला सगळा माल बाद. आणि इथे अख्ख्या विमानतळाचं घड्याळ दीड तास चुकलेलं, आणि कुणाचं लक्ष नाही.

चाची म्हणाल्या, "या अल्ला. ज्यांना घड्याळ लावता येत नाही, ते विमान कसं उतरवणार?"

"म्हणूनच वर फिरवत ठेवलं असेल," गायकवाडकाका म्हणाले. "यांच्या घड्याळात अजून त्याची वेळच झालेली नाही ना."

हे ऐकल्यावर सगळं स्पष्टच झालं. चाचा वर घिरट्या घालतायत, खाली घड्याळ चुकीचं, आणि ही गोष्ट जगात फक्त महाळुंग्यातल्या आम्हा तिघांना कळलेली. आता लाजून चालणार नव्हतं. मी घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सूचना द्यायच्या आवाजात मेसेज रेकॉर्ड केला.

"शबानाताई, मी दत्ता बोलतोय. लगेच तिथल्या मोठ्या साहेबांना भेटा. त्यांना सांगा, तुमचं घड्याळ दीड तास मागं आहे. त्यामुळे विमानाला उतरू देत नाहीयेत. चाचांना साखरेची गोळी घ्यायची असते. घाबरू नका, पण पळत जा."

पाच मिनिटं काहीच नाही. मग मेसेज आला. सुरुवातीला नुसतं हसणं. दोघांचं. मागे बाळही हसत होतं. मग शबाना म्हणाली, "दत्ताभैया, दुबईचं घड्याळ दीड तास मागंच असतं. रोज असतं. इथं सूर्यच उशिरा उगवतो. अब्बूंचं विमान तुमच्या सव्वा वाजल्यानंतर येईल."

टीव्हीवर सभा चालूच होती.

गायकवाडकाका म्हणाले, "मग तू पावणेदोन तास काढले कुठून?"

"वजाबाकी करून," मी म्हटलं.

चाची उठल्या आणि माझ्यासमोरची चहाची बशी उचलून आत घेऊन गेल्या. अर्धा चहा शिल्लक होता तिच्यात.

चाचा सुखरूप उतरले. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, आणि मला तो गायकवाडकाकांच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर ऐकावा लागला.

"दत्ता, आरं काय केलंस रं हे. पावनेदोन तास मी डोळं मिटून बसलो. घड्याळ बघितलं, आकरा पंचावन. उठलो, बॅग काढली, दाराशी जाऊन हुबा राह्यलो. ती पोरगी आली, म्हनली सर बसा. म्हनलं, बाई, उतरायचंय. ती म्हनली, सर, खाली समुद्र आहे. म्हनलं, म्हंजे दुबई मागं गेली. डायव्हरला सांगा, वळवा. शेजारचा म्हनला, चाचा, आत्ताशी निम्मं झालंय. म्या कागद दावला. शिक्का दावला. त्या पोरीनं कागद वाचला, आन आत जाऊन समद्या पोरींना दावला. मंग एकेक पोरगी येऊन मला बघून जायची. पुढचा दीड तास म्या डोळं मिटलंच न्हाईत. येळच आसा गेला."

मी दुकानाच्या मागच्या दाराने खोलीवर गेलो.

रात्रभर तळमळलो असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर मी कामाला लागलो. चूक झाली तर आमच्याकडे रडत बसत नाहीत, सुधारणा करतात. दीड तासाचा फरक धरायचा राहिला होता. पावणेदोनमध्ये दीड मिळवले, सव्वातीन. बरोबर आलं. शबाना म्हणाली होती तेच.

आणि आमच्या कंपनीचा अजून एक नियम आहे. एका ठिकाणी जी सुधारणा केली, तीच बाकी सगळ्या ठिकाणी लगेच करायची. मी परतीच्या पावणेपाचमध्येही दीड मिळवले. सव्वासहा तास.

थांबा. अजून हसू नका. त्या दिवशी मला ते पटलं होतं. घड्याळाचं कळलं होतं, पण चढाचं कुणीच खोडून काढलं नव्हतं ना.

नवा कागद केला, ‘सुधारित’ असं वर लिहिलं, शिक्का मारला आणि चाचांना फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘जुना कागद फाडा. येताना ६ तास १५ मिनिटे. कुणाला दाखवू नका, आधीच सगळे हसतायत.’ चाचांनी शब्द पाळला. शबानालासुद्धा दाखवला नाही.

दोन आठवड्यांनी, पुन्हा गुरुवारी, चाचा निघाले. तिथल्या साडेअकराला निघून सव्वासहा तास, म्हणजे पावणेसहाला पुणे. तिकिटावर सव्वाचार लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, ते त्यांचं मागं पडलेलं घड्याळ. आता फसणार नाही.

साडेचार वाजता मी आळंदी फाट्यावर, सहा आसनी रिक्षात तिघांच्या सीटवर चौथा बसलेला. रस्ता तुंबलेला. चाचींचा फोन आला.

"दत्ता, त्यांचा फोन आला होता. विमान मधेच कुठंतरी उतरवलंय म्हणतात. सगळी माणसं उतरून चालली."

"चाय-पाण्याला थांबवलं असेल," मी म्हटलं. लांबच्या गाड्या थांबतातच.

"पण हे कुठलं गाव?"

मी मनात नकाशा आणला. निघून किती वेळ झाला, वेग किती, चढ किती. म्हटलं, "मस्कत असणार. चाचांना सांगा, जागा सोडू नका. गाडी चुकेल."

चाचींनी तसंच सांगितलं. एका शब्दाचाही फरक न करता.

आता विमानात काय चाललं होतं ते ऐका. सगळे प्रवासी उतरले होते. चाचा पट्टा आवळून बसलेले. दुबईला लावलेलं मनगटावरचं घड्याळ पावणेतीनच्या पुढे सरकलेलं. तीन तास बाकी. एअर होस्टेस आली, "सर, पुणे आलं." चाचा म्हणाले, "न्हाई." दुसरी आली. चाचांनी मोबाइलवरचा कागद दाखवला. मग तिने साफसफाईच्या लोकांमधल्या एका पोराला बोलावलं. पोरगा लोहगावचाच.

"चाचा, उतरा की. पुणं आलंय."

"हे मस्कत हाय."

"आवो, मी मराठी बोलतोय तुमच्याशी."

"मस्कतला लय मराठी पोरं कामाला हायेत. आमच्या गल्लीतली दोन हायेत."

"चाचा, मला खाली झाडू मारायचाय."

"मार की. मी पाय वर घेतो."

आणि घेतले. पाय वर घेऊन बसले. तो पोरगा झाडू मारून गेला.

शेवटी चाचांना कुणीच समजावलं नाही. त्यांनी सहज खिडकीतून बाहेर बघितलं. खाली एक टेम्पो उभा होता, काळा धूर सोडत. चाचांनी आधी धूर बघितला आणि मनात रोग ओळखला. मग नंबर बघितला. एमएच चौदा.

"आमच्या पिंपरी-चिंचवडचा टेम्पो," चाचा हळूच म्हणाले, "मस्कतला कसा आला?"

तेव्हा ते उठले.

मी पावणेसहाला पोचलो, ठरल्या वेळेला, एक मिनिटही उशीर न करता. चाचा बाहेर सामानाच्या गाडीवर बसले होते. मांडीवर खजुराचं खोकं. तासभर बसले असतील. मला वाटलं, आज खोली सोडावी लागणार. मी समोर जाऊन उभा राहिलो. हातांचं काय करायचं ते कळेना, म्हणून बॅग उचलली.

"चाचा, चुकलं."

चाचांनी मोबाइल काढला आणि मला फोटो दाखवला. बाळ त्यांच्या मांडीवर होतं आणि दोन्ही मुठींनी त्यांची दाढी धरलेली. चाचांचे हात या वेळी स्वच्छ होते. तळव्यांनी धरलं होतं त्यांनी बाळाला.

"पयल्या दिवशी रडली," चाचा म्हणाले. "वळखलंच न्हाई. चवथ्या दिवशी ‘नाना’ म्हनली."

मी बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"तू सव्वातीन म्हनला आसतास ना," चाचा म्हणाले, "तर म्या गेलोच नसतो."

मग उठले, खजुराचं खोकं माझ्या हातात दिलं आणि पुढे चालायला लागले. चार पावलांवर जाऊन वळले. "पन त्यो शिक्का बॉक्सवरच मारत जा भावा. मानसावर नको."

तो लॅमिनेशन केलेला पहिला कागद चाचांनी फाडला नव्हता. आता गॅरेजमध्ये पान्यांच्या वर खिळ्याला लटकतोय. गाडी दुरुस्तीला किती वेळ लागेल, असं कुणी विचारलं की चाचा त्याच्याकडे बोट दाखवतात. ज्यांना माहीत आहे ते हसतात. आता ते सगळ्यांनाच माहीत आहे.

परवा चाचींना डोळे दाखवायला चिंचवडला जायचं होतं. त्यांनी खालूनच हाक मारली, "दत्ता, इथून चिंचवडला किती वेळ लागतो रे?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात जीपखालून चाचांचा आवाज आला.

"त्याला आधी सांग, जायचा का यायचा."

गॅरेजमधली पोरं खदखदून हसली. गायकवाडकाका दुकानातून हसले. मीही हसलो, कारण हसण्यावाचून दुसरं काय करणार?

पण तुम्हाला म्हणून सांगतो. मी तोंड उघडलं होतं ना, ते मी तेच विचारणार होतो.